सुपातलं लेकरू

कारंजा (घाडगे) भागातल्या खेड्यांत एका मिशनची वैद्यकीय तुकडी दर हिवाळ्यात तीन आठवड्यांसाठी येत असे. एकोणीसशे पन्नासनंतरचे काही हिवाळे मी त्या तुकडीत दुभाष्या म्हणून काढले. मी ख्रिस्ती नाही, डॉक्टर नाही. नागपूरच्या एका दैनिकाचा वर्ध्याचा वार्ताहर होतो. मिशनचा जुना दुभाष्या आजारी पडला तेव्हा त्यांनी आमच्या कचेरीत जाहिरात पाठवली. इंग्रजी आणि वऱ्हाडी जाणणारा स्वयंसेवक पाहिजे, पगार नाही, जेवण मिळेल. ती छापून येण्याआधीच जागा भरली. माझी वर्षाची रजा शिल्लक होती, आणि आजोळ त्याच भागात असल्यामुळे तिथली बोली मला येत होती.

दोन्ही बाजूंनी एकेक अट घातली गेली. मी फक्त औषधपाण्याचे बोलणे भाषांतरित करीन, धर्मप्रचाराचे नाही, ही माझी अट. तुकडीत असेपर्यंत मी बातमी पाठवणार नाही, ही त्यांची. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. त्या वेळी आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि मिशनऱ्यांच्या कामावरून वर्तमानपत्रांत बरीच धूळ उडत होती. माझ्या संपादकांना तुकडीतली एखादी खमंग बातमी हवी होती. रजेवर असलेला वार्ताहर वार्ताहर नसतो, असे मी त्यांना सांगितले. ते त्यांना पटले नाही, पण त्यांनी रजा रद्दही केली नाही.

दुभाष्याचे काम बाहेरून सोपे दिसते. डॉक्टर विचारतो, आपण मराठीत विचारायचे, रोगी सांगतो, आपण इंग्रजीत सांगायचे. प्रत्यक्षात रोगी प्रश्नाला उत्तर देत नाही. तो हकिगत सांगतो. ताप किती दिवस आहे, असे विचारले की पोळ्याला आला, दसऱ्याला गेला, दिवाळीत पाहुणे आले तेव्हा पुन्हा आला, असे उत्तर मिळते. ते मनात पंचांगावर बसवून डॉक्टरला आठवड्यांत सांगायचे. बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नवरा देतो आणि नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे त्याची आई. एक शेतकरी गुडघ्याला डॉक्टरची तपासायची नळी लावून घेतल्याशिवाय उठेना. छातीवर लावली, पाठीवर लावली, मग दुखते तिथेच काऊन लावत नाही, असा त्याचा सवाल होता. डॉक्टरबाईंनी नळी गुडघ्याला लावली, लक्षपूर्वक ऐकले, आणि तो समाधानाने मलम घेऊन गेला. मी या कामात एकच नियम ठेवला होता. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही आणि समोरच्याचा गाळायचा नाही. बातमीदारीतही नियम हाच आहे, पण तिथे तो पाळताना मी फार जण पाहिले नाहीत.

तुकडी लहान होती. परदेशातून दर वर्षी काही महिन्यांसाठी येणाऱ्या डॉक्टरबाई, सुलोचनाबाई नावाच्या परिचारिका, एक स्वयंपाकी, व्हॅनचा ड्रायव्हर आणि मी. सुलोचनाबाई नगरकडच्या, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. वय तिशीच्या पुढे, लग्न केलेले नव्हते. नागपूरच्या ज्या इस्पितळात त्या नोकरीला होत्या तिथूनच डॉक्टरबाई त्यांना आपल्याबरोबर आणत. मराठी अर्थात घरचीच, पण वऱ्हाडी बोलीत त्याही माझ्याइतक्या तरबेज नव्हत्या.

सकाळ मुलांची असे. एका फळीवर जाड लोकरी कापड ताणलेले, त्यावर मेंढ्या, होड्या, दाढीवाले म्हातारे यांची कापडी चित्रे चिकटत. सुलोचनाबाई गोष्ट सांगत आणि एकेक चित्र लावत. चित्र खाली कसे पडत नाही, हे पाहायला मुले जवळ सरकत. गोष्टीकडे लक्ष कमीच. मग नखे, कान, डोळे यांची तपासणी. खरजेला मलम, डोळ्यांत थेंब, आणि शेवटी मोठ्या गंजात कालवलेले भुकटीचे दूध. दुधापेक्षा कोरडी भुकटी टाळूला चिकटवून चाटणे मुलांना आवडे. जंताचे औषध दिले की दुसऱ्या दिवशी पोरे आपापला निकाल आरडाओरडा करून सांगत, आणि ज्याचे काहीच पडले नाही ते पोर खाली मान घालून उभे राही.

मला इथे सांगायची आहे ती वाघझरीची हकिगत. वाघझरी हे हमरस्त्यापासून आत, ओढ्यापलीकडचे गाव. तंबू शाळेच्या मागच्या पडीक जागेत ठोकले होते.

दुसऱ्या दिवशी अनसूया नावाची एक तरुण बाई आठ-नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन आली. बरोबर तिची सासू गंगाबाई, जिला ती आत्याबाई म्हणे. घर खाऊनपिऊन बरे होते. मुलाला पंधरवड्यावर ताप होता, श्वास घेताना एक कूस आत ओढली जाई आणि दुसरी हलतच नसे. डॉक्टरबाईंनी छातीवर बोटे वाजवून पाहिली. फुप्फुसाबाहेर पू साचला होता. पेनिसिलिनने चार दिवस निभावतील, पण नळी घालून पू काढल्याशिवाय मूल जगणार नाही, आणि ते काम नागपूरच्या इस्पितळातच होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. मी ते जसेच्या तसे गंगाबाईंना सांगितले, कारण अनसूयेने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला होता आणि उत्तर कोण देणार हे उघड होते.

गंगाबाई शांतपणे म्हणाल्या, "सुई टोचा, औषध द्या. नागपूरले नाई नेत. याच्या आंधीचं नेलतं. वापस आणलं थे गुंडाळून आणलं."

अनसूयेची याआधीची तीन मुले गेली होती. तिसरे इस्पितळात दगावले होते. डॉक्टरबाईंनी पुष्कळ समजावले. अनसूयेचा नवरा महादेव यालाही बोलावून घेतले. तो भला माणूस होता. आई म्हणेल तसे, एवढेच तो म्हणाला. सुई टोचून घेऊन ते सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुरुष रोग्यांच्या रांगेत अडकलो होतो. मागच्या तंबूत काय झाले ते मला नंतर सुलोचनाबाईंनी सांगितले. गंगाबाई आणि अनसूया तंबूच्या मागच्या बाजूने आत आल्या. मूल सुपात घातलेले होते. गंगाबाईंनी सूप सुलोचनाबाईंच्या पायाशी ठेवले आणि हे लेकरू विकत घे, म्हणाल्या.

हा रिवाज मला माहीत होता. ज्या घरात मुले जगत नाहीत त्या घरातले मूल परक्या माणसाला मूठभर धान्यावर विकायचे. मूल आता या घरचे राहिले नाही, तेव्हा या घरावर डोळा ठेवून असलेले अरिष्ट त्याला ओळखणार नाही, असा त्यामागचा विचार. मूल आईजवळच राहते, पण त्याचा धनी विकत घेणारा. जावळ काढायच्या दिवशी तेवढ्याच धान्यावर ते परत घ्यायचे. घेणारा जितका परका तितके चांगले, आणि बोर्डिंगात वाढलेल्या नगरच्या ख्रिस्ती बाईइतके परके माणूस वाघझरीत दुसरे नव्हते. गंगाबाईंनी हा उपाय इस्पितळाच्या ऐवजी योजला होता. इतर उपाय आधीच्या मुलांच्या वेळी करून झाले होते, हा राहिला होता.

सुलोचनाबाईंनी हे नगरकडेही ऐकलेले होते. म्हातारीचे मन राखले तर उद्या ती आपले ऐकेल, असा त्यांनी हिशोब केला. स्वयंपाक्याच्या पोत्यातली मूठभर ज्वारी आणून दिली आणि सूप उचलून घेतले. आता नाव ठेव, असे गंगाबाई म्हणाल्या. सुलोचनाबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि शमुवेल असे नाव ठेवले.

त्यांच्या धर्मग्रंथात हे नाव एका मुलाचे आहे. फार वर्षे मूल नसलेल्या आईने नवस बोलून मिळवलेला आणि मग देवळात नेऊन सोपवलेला मुलगा. सुपातले लेकरू पाहून त्यांना तीच गोष्ट आठवावी यात नवल नव्हते. सकाळीच ती त्यांनी मुलांना सांगितली होती, त्यामुळे नाव गावातल्या पोरांच्या तोंडी होते. अर्ध्या तासात ते शाळेत पोचले आणि शाळेतून गुरुजींपर्यंत.

गुरुजी तरुण होते, खादी घालत, रोज येणारे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यात माझाही मजकूर असे. मिशनवाले औषधाच्या नावाखाली मुले बाटवतात, असे त्यांनी वाचले होते, आणि आता ते त्यांच्या शाळेच्या मागेच घडले होते. चावडीसमोर माणसे जमली. पाटील आले. आम्हाला बोलावणे आले.

मिशनचा तुकडीला सक्त हुकूम होता, की गावात तंटा झाला तर त्याच दिवशी तंबू गुंडाळायचे. डॉक्टरबाईंनी ड्रायव्हरला पेट्या भरायला सांगितले आणि त्या चावडीवर आल्या. आम्ही गेलो की मुलाची सुई बंद, आणि सुई बंद म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. मलाही.

गुरुजींनी मुद्देसूद भाषण केले. नाव ठेवणे हाच धर्म बदलण्याचा पहिला संस्कार आहे, मूल अजाण आहे, आई अडाणी आहे, सबब हे बळजबरीचे धर्मांतर आहे. ते शुद्ध मराठीत बोलले. मी ते शुद्ध इंग्रजीत डॉक्टरबाईंना सांगितले. मग गंगाबाई उठल्या. त्याही रागावल्या होत्या, पण त्यांचे भांडण निराळेच होते.

"चांगलं नाव काऊन ठेवलं? इकल्या लेकराले कोनी चांगलं नाव ठेवते का? चांगल्या नावाले समदे पाह्यते. माह्या लेकरावर आनखी नजर आनून राह्यली हे बाई."

लोक काय म्हणताहेत, असे डॉक्टरबाईंनी विचारले. मी सांगितले की नावाबद्दल दोन तक्रारी आहेत. गुरुजींच्या मते ते ख्रिस्ती आहे म्हणून वाईट, आणि आजीच्या मते ते चांगले आहे म्हणून वाईट. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मी गाळत किंवा घालत नाही हे त्यांना माहीत होते, तरी.

पाटलांनी मिटवामिटवीचा सूर लावला. बाईंनी मूल परत द्यावे, आजीने ज्वारी परत द्यावी, तंबूवाल्यांनी जावे. माणसांनी माना हलवल्या. सुलोचनाबाईंच्या हातात मूल होते. ते धापा टाकत होते, आणि प्रत्येक धापेबरोबर त्याच्या नाकपुड्या फुगत होत्या. त्या मूल द्यायला पुढे झाल्या.

अनसूया बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. पाटलांसमोर, सासूसमोर, नवऱ्यासमोर सुनेने बोलायचे नसते, आणि ती त्यांच्याशी बोललीही नाही. ती सुलोचनाबाईंशी बोलली, पण चावडीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाई, मले काऊन देऊन राह्यल्या? लेकरू माहं नाई. आत्याबाईनं तुमाले इकलं. तुमच्या लेकराले तुमी नागपूरले न्या, नाईत पुन्याले न्या, आमी कोन इचारनार? मी फक्त दूध पाजाले येईन."

महादेव पायाखालची माती पाहत होता. पाटलांनी पगडी सारखी केली. या बाईने काय केले ते त्यांना सर्वांच्या आधी कळले असावे. त्यांनी गंगाबाईंना विचारले, "गंगे, इकलं का नाई? एक सांग."

गंगाबाईंची अडचण मी त्या दिवशी पाहिली. त्यांनी नाही म्हटले असते तर मूल घरी राहिले असते, पण विक्रीही खोटी झाली असती, साऱ्या गावादेखत. मग मूल पुन्हा त्याच घरचे, ज्या घरात मुले जगत नाहीत. हो म्हटले तर मूल इस्पितळात. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिले. त्या नजरेत राग होता, आणि दुसरेही काही असेल, पण मला दिसले तेवढेच मी लिहितो.

"इकलं," त्या म्हणाल्या. मग सुलोचनाबाईंकडे वळून म्हणाल्या, "पन नाव बदलव. अस्सल वंगाळ ठेव."

मला वाटले, आता सोपे झाले. सुलोचनाबाईंना ते जमेना. वॉर्डात रक्त-पू पाहून न डगमगणारी बाई त्या मुलाला वाईट म्हणायला धजेना. त्यांनी मला एखादे नाव सुचवायला सांगितले. दुभाष्या स्वतःचा शब्द देत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. चावडीच्या अंगाला केरकचरा आणि शेण टाकायची जागा होती. नगरकडे त्याला उकिरडा म्हणतात. तिकडे बोट करून त्यांनी गंगाबाईंना विचारले, की तुमच्याकडे याला काय म्हणतात?

"उकंडा."

"मग उकंड्या," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"हे बराबर," गंगाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी पाटलांना विचारले की यात ख्रिस्ती काही राहिले आहे का. पाटील म्हणाले, आता यात उकंडा राहिला आहे, आणि तो आपल्याच गावचा आहे. लोक हसले. गुरुजी आधी हसले नाहीत. मुलाला घेऊन निघालेली व्हॅन ओढ्याच्या वाळूत रुतली तेव्हा ढकलायला मात्र ते सर्वांच्या पुढे होते, आणि त्यांची खादी चिखलाने भरली. तंटा मिटल्यामुळे तंबू उठले नाहीत, आणि डॉक्टरबाई आमच्याबरोबर वाघझरीतच राहिल्या. सुलोचनाबाई, अनसूया आणि मूल त्याच संध्याकाळी नागपूरला गेले.

पुढची हकिगत मी सुलोचनाबाईंकडून आणि इस्पितळातल्या लोकांकडून ऐकली. मुलाच्या बरगड्यांत नळी घातली. पू बरेच दिवस येत राहिला. मध्यंतरी एकदा आशा सोडण्यासारखी अवस्था झाली. त्या काळात अनसूया आपल्या बोलण्याला जागली. ती मुलाला पाजी, धुई, थोपटी, पण डॉक्टरांनी कशालाही संमती विचारली की सुलोचनाबाईंकडे बोट दाखवी. लेकरू बाईचं आहे, बाईले इचारा. नव्या डॉक्टरांना ती दाईच वाटली. सुलोचनाबाईंनी पहिल्या आठवड्यात हे हसण्यावारी नेले. नंतर त्यांनी आपली पाळी बदलून मुलांच्या वॉर्डात घेतली. त्यानंतर त्या सुटीच्या दिवशीही तिथेच दिसू लागल्या. मूल उकंड्या या नावाला वळून पाहायला लागले, असे त्यांनी मला एका पत्रात कळवले, आणि पुढे हवापाण्याचे लिहिले.

फाल्गुनात मूल इस्पितळातून सुटले. जावळ त्याच दिवशी काढायचे आणि मूल परत घ्यायचे, असा गंगाबाईंचा निरोप आला. विकलेले मूल शिवेबाहेर परत घेतात, म्हणून जागा ठरली कारंज्याची, हमरस्त्यावर ट्रक थांबतात त्याच्या पलीकडची. सुलोचनाबाईंनी मला बोलावून घेतले. गंगाबाईंचे बोलणे पुरते कळत नाही, एवढेच कारण त्यांनी दिले. मी वर्ध्याहून बसने गेलो.

न्हाव्याने झाडाखाली बसून जावळ काढले. मूल महादेवच्या बहिणीच्या मांडीवर होते आणि मनापासून रडत होते. रडण्याचा आवाज खणखणीत होता. मी त्याचा श्वास पाहिला, दोन्ही बाजू सारख्या हलत होत्या. गंगाबाईंनी त्याचा सदरा वर करून कुशीतला व्रण बोटाने चाचपला. मग ओटीतून मूठभर ज्वारी काढून सुलोचनाबाईंच्या ओंजळीत ओतली आणि मूल उचलून घेतले. अनसूया बाजूला उभी होती. गंगाबाईंनी ते आधी तिच्या कडेवर दिले, स्वतःकडे ठेवले नाही. मग त्या सुलोचनाबाईंना काहीतरी सांगू लागल्या. सुलोचनाबाईंनी माझ्याकडे पाहिले.

मी भाषांतर केले. परत दिल्यावर घेणाऱ्याने मुलाकडे पाठ करायची, मागे वळून पाहायचे नाही, नावाने हाक मारायची नाही. पाहिले तर मूल दोन घरांचे राहते, आणि दोन घरांचे मूल टिकत नाही. यापुढे या गावात आलात तरी या लेकराला तपासू नका, दुसऱ्या कोणाला तपासू द्या. गंगाबाईंनी हे रागाने सांगितले नाही. बोलताना त्यांनी हात जोडले होते. तेही मी सांगितले.

सुलोचनाबाई हो म्हणाल्या. त्यांनी ज्वारी पदरात बांधली, पाठ केली आणि व्हॅनकडे चालायला लागल्या. मी त्यांच्या शेजारून चालत होतो. मला वळून पाहायला बंदी नव्हती. व्हॅनच्या दाराशी त्या थांबल्या, दाराची मूठ धरली, आणि समोर काचेकडे पाहत विचारले, "रडतोय का अजून?"

मी वळून पाहिले. मूल गप्प झाले होते. अनसूयेच्या खांद्यावरून त्याने मान वळवली होती आणि ते आमच्याकडे पाहत होते.

"रडत नाही," मी म्हणालो. "आईच्या कडेवर आहे. इकडेच बघतोय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत बसल्या.